कातळाची ओळख, वयाचा हिशेब

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका शेतकरी कुटुंबाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. तीन एकर द्राक्षबाग, आजोबांच्या काळातील एक विहीर आणि गेल्या बारा वर्षांत घेतलेल्या तीन विंधनविहिरी. पहिलीला पाणी लागले, पण पाच वर्षांत ते आटले. दुसरी आणि तिसरी पाणाड्याने तळहातावर नारळ उभा राहिला म्हणून दाखवलेल्या जागी घेतली. दोन्हींतून धुरळ्यावाचून काही निघाले नाही. चौथीचा विचार सुरू झाला तेव्हा कोणीतरी सुचवले म्हणून एका भूवैज्ञानिकाला बोलावणे गेले. त्याने रानात एका ओळीत चार सळया ठोकल्या. बाहेरच्या दोन सळयांतून जमिनीत वीज सोडली, आतल्या दोन सळयांमधील विद्युत दाब मोजला आणि सळयांमधील अंतर वाढवत तीच क्रिया दुपारपर्यंत पुन्हा पुन्हा केली. शेवटी वहीतील आकडे पाहून तो म्हणाला, "येथे खोदू नका. खाली अखंड कातळ आहे. तो पैसा जुन्या विहिरीच्या वरच्या अंगाला ओढ्यावर पाणी अडवण्यात घाला."

घरातील थोरली सून हे सर्व बांधावर उभी राहून पाहत होती. वय ३६ वर्षे. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, लग्नानंतर पुस्तकांशी संबंध मुलांच्या अभ्यासापुरता उरलेला. चहाचा पेला पुढे करताना तिने विचारले, "भाऊ, हे शिकायला काय लागते?" त्याने क्षणभर तिच्याकडे पाहिले आणि उत्तर दिले, "ताई, पदवी लागते. आणि पायांत बळ लागते."

हे चित्र कल्पनेतील असले, तरी हा प्रश्न अनेक घरांत प्रत्यक्ष विचारला जातो. विचारणारी व्यक्ती कधी गृहिणी असते, कधी दगडखाणीचा किंवा फरशीचा व्यवसाय सांभाळणारा चाळिशीचा गृहस्थ असतो, तर कधी स्थापत्य कंत्राटदाराकडे पंधरा वर्षे काम केलेला पर्यवेक्षक असतो. प्रश्नामागची ओढ खरी असते. उत्तर मात्र बहुधा अर्धवट मिळते. कोणी म्हणतो, शिकायला वय नसते. कोणी म्हणतो, आता कशाला हा खटाटोप. ही दोन्ही वाक्ये हिशेब टाळणारी आहेत. वय मध्ये येते ते शिक्षणाच्या दाराशी नव्हे, तर नोकरीच्या काही दारांशी. म्हणून प्रौढ वयात भूविज्ञानाकडे वळणाऱ्याने आधी आपल्याला कोणत्या दाराने आत जायचे आहे हे ठरवावे आणि मगच प्रवेशअर्ज भरावा.

यंत्र आणि विद्या

पृथ्वीचे कवच कशाचे बनले आहे, ते कसे घडले आणि त्यातून पाणी, खनिजे, इंधन व बांधकामाची भूमी कशी मिळते, याचा अभ्यास म्हणजे भूविज्ञान. महाराष्ट्राला या विद्येची गरज अधिकच आहे. राज्याचा ८० टक्क्यांहून अधिक भाग बेसाल्ट म्हणजे काळ्या पाषाणाने झाकलेला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरून हे दख्खनचे पठार घडले. वाळूत पाणी सर्वत्र झिरपते, तसे या पाषाणात होत नाही. ते साठते भेगांत, सांध्यांत, झिजलेल्या मुरमात आणि दोन थरांच्या मधल्या सच्छिद्र पट्ट्यात. त्यामुळे एका शेतात पाणी लागते आणि बांधापलीकडच्या शेतात लागत नाही. नारळ धरणाऱ्याचे कधीमधी खरे ठरते ते याच अनिश्चिततेमुळे, आणि घर कर्जात बुडते तेही तिच्यामुळेच.

सळयांच्या त्या चाचणीला विद्युत रोधकता सर्वेक्षण म्हणतात. पाणी धरलेला भेगाळ खडक विजेला कमी अडवतो, कोरडा अखंड कातळ जास्त अडवतो. एवढे ऐकून ते यंत्र विकत घेणारे आणि गावोगाव फिरणारे लोक आहेत. पण चिकणमातीही विजेला कमीच अडवते. आकडा कमी आला तो पाण्यामुळे की मातीमुळे, हे यंत्र सांगत नाही. त्या परिसरातील थरांचा क्रम, उतार, आसपासच्या विहिरींची पातळी आणि ओढ्याच्या कडेला उघडा पडलेला खडक पाहणारा माणूसच ते सांगू शकतो. यंत्र बाजारात मिळते. हे पाहणे वर्गात आणि रानात मिळून शिकावे लागते.

आपल्या देशात वकिलाला सनद लागते, डॉक्टरला नोंदणी लागते. भूवैज्ञानिकाला तशी कायद्याने बंधनकारक सनद नाही. म्हणून कोणीही स्वतःला पाण्याचा तज्ज्ञ म्हणवून घेऊ शकतो, आणि म्हणूनच भूवैज्ञानिकाची ओळख पटवणारी खूण एकच उरते, ती म्हणजे पदवी व त्यामागचा अनुभव.

पदवीची पायरी

पहिली पायरी बारावी विज्ञान. तिच्यावर बी.एस्सी. भूविज्ञान तीन वर्षांचे आणि त्यावर एम.एस्सी. भूविज्ञान किंवा उपयोजित भूविज्ञान दोन वर्षांचे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची ऑनर्स पदवी आणि त्यानंतर एका वर्षाची पदव्युत्तर पदवी अशीही रचना झाली आहे. कोणत्याही मार्गाने गेले तरी बारावीनंतर पाच वर्षे लागतात. केवळ बी.एस्सी. वर प्रयोगशाळेतील, खाणीवरील किंवा सर्वेक्षणातील साहाय्यकाची कामे मिळू शकतात. परंतु भूवैज्ञानिक म्हणून स्वतंत्र जबाबदारीच्या बहुतेक ठिकाणी पदव्युत्तर पदवी मागितली जाते. इच्छुकाने पाच वर्षांचाच हिशेब धरावा.

या अभ्यासात खनिजे, खडक, जीवाश्म, थरांचा कालक्रम, भूकवचातील घड्या व विभंग, खनिज साठे आणि भूजल असे विषय येतात. खडकाचा काप ०.०३ मिलिमीटर इतका पातळ घासून तो विशिष्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला शिकवतात. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित यांची शालेय तयारी लागतेच. वीस वर्षांपूर्वी सोडलेले लॉगॅरिदम आणि त्रिकोणमिती पुन्हा हाती घ्यावी लागते. प्रौढ विद्यार्थी पहिल्या सत्रात अडखळतो तो बहुधा येथे, खडकांपाशी नव्हे.

त्या गृहिणीसारखी रसायनशास्त्राची पदवी हाती असेल तर थेट एम.एस्सी. ला प्रवेश मिळेल का, हा स्वाभाविक प्रश्न आहे. बहुतेक विद्यापीठे एम.एस्सी. भूविज्ञानासाठी पदवीला भूविज्ञान विषय होता की नाही हे पाहतात. त्यामुळे पदवी पुन्हा करण्याची मनाची तयारी हवी. दोन वर्षांतच काम साधायचे असेल तर पर्यावरणशास्त्र किंवा भू-माहितीशास्त्र या शेजारच्या शाखा अन्य विज्ञान पदवीधरांनाही घेतात. उपग्रह प्रतिमा आणि संगणकीय नकाशे यांचे काम त्यांतून मिळते. परंतु भूवैज्ञानिक पदासाठी अर्ज करताना ती पदवी चालेलच असे नाही. स्थापत्य अभियंत्याला भू-तांत्रिक अभियांत्रिकी ही जवळची वाट आहे. पायाखालची जमीन, बोगदे, धरणे यांचे काम त्यातून करता येते. या शाखांना कमी लेखण्याचे कारण नाही, मात्र त्यांची आणि भूविज्ञानाची गल्लत करू नये.

ज्यांनी वाणिज्य किंवा कला शाखा घेतली, अथवा दहावीनंतर शिक्षण सोडले, त्यांना बारावी विज्ञानापासून आरंभ करावा लागतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था म्हणजे एनआयओएस येथे बारावीला वयाची कमाल अट नाही. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, गणित, भूगोल हे विषय घेता येतात, प्रात्यक्षिके अभ्यासकेंद्रावर होतात आणि एकदा नोंदणी केली की पाच वर्षांच्या आत टप्प्याटप्प्याने विषय सोडवता येतात. दुकान सांभाळून शिकणाऱ्याला ही सोय मोलाची आहे. मात्र ज्या महाविद्यालयात पुढे जायचे आहे, तेथे कोणते विषय व किती गुण लागतात हे आधीच विचारून मग विषय निवडावेत.

भूविज्ञान सर्वच महाविद्यालयांत शिकवले जात नाही, हेही ध्यानात ठेवावे. पुण्यात फर्ग्युसन व नौरोसजी वाडिया महाविद्यालय आणि मुंबईत सेंट झेवियर्स येथे या विषयाची जुनी परंपरा आहे. पुणे, नागपूर, अमरावती येथील विद्यापीठांत पदव्युत्तर विभाग आहेत. गोव्यात पणजीचे धेंपे आणि मडगावचे चौगुले महाविद्यालय व गोवा विद्यापीठ येथे सोय आहे. मुंबईच्या आयआयटीत उपयोजित भूविज्ञानाची एम.एस्सी. होते, तेथील प्रवेशासाठी जॅम ही परीक्षा द्यावी लागते आणि तिला वयाची कमाल अट नाही. घरापासून दूर राहणे अशक्य असेल तर इग्नूच्या विज्ञान पदवीत भूविज्ञान हा विषय ठेवलेला आहे. त्याची प्रात्यक्षिके मात्र घरबसल्या होत नाहीत. जवळच्या अभ्यासकेंद्रावर तो विषय चालतो का, हे प्रत्यक्ष जाऊन पाहणे उत्तम.

आणखी एक सोय प्रौढ विद्यार्थ्यांच्या उपयोगाची आहे. नव्या धोरणात एक वर्ष पूर्ण करून थांबले तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका आणि तीन वर्षांनी पदवी अशी योजना आहे; मिळवलेले श्रेयांक सात वर्षांपर्यंत जपून ठेवता येतात. सासऱ्यांचे आजारपण, मुलाची दहावी, धंद्यातील मंदी अशा कारणाने खंड पडला तरी केलेले शिक्षण वाया जाऊ नये, हा त्यामागचा हेतू आहे.

वयाची अट कोठे आहे

आता दारांचा विचार. पहिले दार भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे. १८५१ मध्ये स्थापन झालेली आणि कोलकात्यात मुख्यालय असलेली ही संस्था या क्षेत्रातील सर्वांत मानाची. तिच्यातील आणि केंद्रीय भूजल मंडळातील पदे संघ लोकसेवा आयोगाच्या संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षेद्वारे भरली जातात. पूर्वपरीक्षा ४०० गुणांची, मुख्य परीक्षा ६०० गुणांची आणि मुलाखत २०० गुणांची. भूविज्ञान किंवा त्याच्या ठरावीक शाखांतील पदव्युत्तर पदवी आवश्यक. वय २१ ते ३२; इतर मागासवर्गीयांना ३ वर्षे आणि अनुसूचित जाती-जमातींना ५ वर्षे सवलत. पस्तिशी ओलांडून नव्याने पदवी आरंभणाऱ्याला हे दार बंद आहे. हे कटू असले तरी आधीच कळलेले बरे. पाच वर्षांनी, पदवी हाती आल्यावर ते कळणे अधिक कटू ठरते.

दुसरे दार राज्य शासनाचे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, तसेच नागपूरचे भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय येथे भूवैज्ञानिकांची पदे असतात. राज्याच्या सेवेत कमाल वय सर्वसाधारणपणे खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागास प्रवर्गांसाठी ४३ आहे. तिशीच्या आरंभी निर्णय घेणाऱ्याला हे दार गाठता येईल. ३६ व्या वर्षी आरंभ करणाऱ्याला पदव्युत्तर पदवीपर्यंत ४१ वे वर्ष लागते. म्हणजे खुल्या प्रवर्गात तेही सुटले. प्रत्येक जाहिरातीत अटी नव्याने दिलेल्या असतात, त्या मूळ जाहिरातीतच वाचाव्यात.

तिसरे दार अध्यापन आणि संशोधनाचे. सहायक प्राध्यापकपदाच्या नेट परीक्षेत भूविज्ञानाचा विषय 'पृथ्वी, वातावरण, महासागर व ग्रहविज्ञान' या नावाने येतो. या पात्रतेला वयाची कमाल अट नाही. त्याच परीक्षेतून मिळणाऱ्या संशोधन शिष्यवृत्तीला मात्र आहे. म्हणजे प्रौढ उमेदवाराला प्राध्यापक होण्याची पात्रता मिळू शकते, पण संशोधनाचा खर्च भागवणारे विद्यावेतन बहुधा मिळत नाही.

चौथे दार खासगी व्यवसायाचे. वयाने मोठ्या विद्यार्थ्याने खरे लक्ष द्यावे ते येथे. खनिज उत्खननासाठी खनन आराखडा तयार करावा लागतो. केंद्राच्या २०१६ च्या नियमांनुसार तो तयार करणाऱ्याकडे खाण अभियांत्रिकीची पदवी किंवा भूविज्ञानाची पदव्युत्तर पदवी, आणि पदवीनंतर खाणक्षेत्रात पर्यवेक्षकीय पदावर पाच वर्षांचा अनुभव हवा. कमाल वयाची अट नाही. मोठ्या प्रकल्पांचे पर्यावरणीय अहवाल तयार करणाऱ्या मान्यताप्राप्त सल्लागार संस्थांना भूविज्ञान आणि भूजल या स्वतंत्र विषयांचे पात्र तज्ज्ञ दाखवावे लागतात. भूजल उपशाची परवानगी मागणारे उद्योग, पाणलोट विकासात काम करणाऱ्या संस्था, सहकारी गृहनिर्माण संस्था आणि शेतकरी यांनाही असा माणूस लागतो. येथे जन्मतारीख कोणी विचारत नाही. तुमच्या अहवालावर विश्वास ठेवून खोदले तर काय झाले, एवढेच विचारले जाते. त्याचबरोबर येथे महिनाअखेरचा पगारही नाही; पहिली दोन-तीन वर्षे दुसऱ्या अनुभवी भूवैज्ञानिकाच्या हाताखाली अल्प मोबदल्यात काढावी लागतात, याची घरातील सर्वांना कल्पना असावी.

दगडखाण, फरशी किंवा बांधकाम साहित्याच्या व्यवसायात असलेल्या गृहस्थाचा हिशेब थोडा वेगळा होतो. त्याला नोकरी शोधायची नसते. आपल्याच व्यवसायात ही विद्या आणायची असते. खडकाची प्रत, भेगांची दिशा, सुरुंगानंतरची पडझड हे तो अनुभवाने जाणतोच. पदवीमुळे त्या अनुभवाला शास्त्राची भाषा मिळते. प्रौढ विद्यार्थ्याचे आधीचे आयुष्य अभ्यासात वजा धरले जाऊ नये, ते जमेला धरावे, याचे हे चांगले उदाहरण ठरेल.

अडतिसाव्या वर्षी सेवेत आलेला माणूस

भारतीय भूविज्ञानाच्या इतिहासात या विषयाला धरून एक नाव आहे. दाराशॉ नोशेरवान वाडिया यांचा जन्म १८८३ मध्ये सुरतेत झाला. बडोदा कॉलेजात शिकून १९०७ मध्ये ते जम्मूच्या प्रिन्स ऑफ वेल्स कॉलेजात भूविज्ञानाचे प्राध्यापक झाले. सुटी लागली की हिमालयाच्या पायथ्याशी हिंडायचे, खडक आणि जीवाश्म गोळा करून विद्यार्थ्यांपुढे ठेवायचे, हा त्यांचा क्रम. १९१९ मध्ये त्यांचा भारताच्या भूविज्ञानावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला; पुढे तो अनेक पिढ्यांचे पाठ्यपुस्तक ठरला. १९२१ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, ते भूवैज्ञानिक सर्वेक्षणात रुजू झाले. युरोपातील विद्यापीठाची पदवी नसताना तेथे नेमले गेलेले ते पहिले भारतीय. पश्चिम हिमालयाच्या रचनेवरील त्यांचे मोठे काम त्यानंतरचे. १९५७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. डेहराडूनची हिमालयीन भूविज्ञान संस्था आज त्यांच्या नावाने ओळखली जाते.

या उदाहरणातून भलता अर्थ काढू नये. वाडिया ३८ व्या वर्षी सेवेत आले, पण खडकांकडे ते तरुणपणीच आले होते; चौदा वर्षांचे अध्यापन आणि पायपीट त्यांच्या पाठीशी होती. आणि आज त्या सेवेला ३२ वर्षांची मर्यादा आहे. त्यांच्या चरित्रातून घेण्यासारखे आहे ते वेगळेच. सेवेचे दार उघडण्याची वाट पाहत ते बसले नाहीत. नेमणूक नसताना जे काम करता येत होते ते त्यांनी केले, आणि नेमणूक आली तेव्हा ते काम त्यांच्या बाजूने बोलले.

पायांचे बळ आणि घराचे बळ

भूविज्ञानाची निम्मी शाळा उघड्यावर भरते. हातोडा, खडकाचा कल मोजणारे होकायंत्र, दहापट मोठे दाखवणारे भिंग, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची लहान बाटली आणि भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा घेऊन दिवसाला दहा-पंधरा किलोमीटर चालण्याची वेळ येते. अभ्यासदौरा अनिवार्य असतो. गुडघेदुखी, दमा किंवा रक्तदाब असेल तर वैद्यकीय सल्ला घेऊनच निर्णय करावा. दौरे प्रायः पावसाळा संपल्यावर निघतात, तेव्हा चातुर्मासाच्या घरच्या नियमांशी त्यांचा फारसा तंटा नसतो. सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची अडचण असेल तर ती दौऱ्याच्या प्रमुखांना आधी सांगावी आणि कोरडा फराळ जवळ ठेवावा.

स्त्रियांपुढे पूर्वी आणखी एक अडसर होता. खाण कायद्याने त्यांना भूमिगत खाणीत काम करण्यास मनाई होती. २०१९ मध्ये केंद्र सरकारने तांत्रिक, पर्यवेक्षकीय आणि व्यवस्थापकीय कामांसाठी, दिवसाच्या वेळेत व लेखी संमतीने, ती शिथिल केली. भूविज्ञान शिकणाऱ्या मुलींना आणि त्यांच्या मातांनाही हे ठाऊक असावे.

शरीराइतकाच प्रश्न घराचा. पाच वर्षे एक माणूस सकाळी महाविद्यालयात जाणार, वर्षातून दोनदा दौऱ्यावर जाणार, त्याच्या वर्गमित्रांचे वय त्याच्या मुलांच्या जवळचे असणार. सुरुवातीला लाज वाटते. नातेवाईक समारंभात हसून चौकशी करतात. अशा वेळी पतीने, पत्नीने, सासूबाईंनी नेमके कोणते काम आपल्याकडे घेतले आहे, हे ठरलेले असेल तरच शिक्षण टिकते. "तू शिक, आम्ही आहोत" हे वाक्य चांगले आहे. पण मंगळवारचा स्वयंपाक कोणाचा, हे ठरवणारे वाक्य त्याहून उपयोगी पडते.

एक वर्ष पारखण्याचे

म्हणून प्रवेशापूर्वी एक वर्ष पारखण्यासाठी द्यावे. त्यात खर्च जवळजवळ नाही. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या 'भूकोश' या संकेतस्थळावर देशाचे भूवैज्ञानिक नकाशे पाहायला मिळतात. आपल्या तालुक्याचा नकाशा उघडून गावाजवळची टेकडी व ओढा त्यात शोधावा. 'स्वयम्' या शासकीय व्यासपीठावर भूविज्ञानाचे प्राथमिक अभ्यासक्रम विनाशुल्क ऐकता येतात. इस्रोची डेहराडून येथील भारतीय सुदूर संवेदन संस्था दूरस्थ अभ्यासक्रम चालवते. पुण्याची ॲक्वाडॅम ही संस्था भूजलाचे शास्त्र ग्रामीण कार्यकर्त्यांपर्यंत नेणारी प्रशिक्षणे घेते. बारावीची गणित आणि भौतिकशास्त्राची पुस्तके रोज एक तास सोडवून पाहावीत. वर्षअखेर ओढ टिकली असेल तर अर्ज करावा. टिकली नसेल तर गावातल्या पाण्याविषयी चार गोष्टी अधिक कळल्या, हेही थोडे नाही.

त्या सांगलीकडील घरात पुढे काय व्हावे? केंद्राचे दार बंद, राज्याचे दार बंद, हा हिशेब कागदावर मांडला तेव्हा सुनेचा चेहरा उतरला असेल. सासऱ्यांनी तो कागद वाचून विचारले असेल, "मग शिकून करणार काय?" त्याला तिने द्यावयाचे उत्तर याच हिशेबात आहे. या पट्ट्यात दरवर्षी विंधनविहिरींवर कुटुंबे कर्ज काढतात. त्यांना 'येथे खोदू नका' असे पुराव्यानिशी सांगणारे माणूस जवळपास नाही. एक्केचाळिसाव्या वर्षी अशी विद्या हाती आली, तर पुढची वीस वर्षे तिचा उपयोग आहे. दोन कोरड्या विंधनविहिरींत जेवढा पैसा गेला, तेवढ्यात शासकीय अनुदानित महाविद्यालयातील शिक्षणाचा बराच भाग निघेल, हेही सासऱ्यांना हिशेबाची वही उघडून दाखवता येईल.

निर्णय त्या घराने करायचा आहे. तोवर तिच्या हाती एक काम आहे, आणि त्याला ना पदवी लागते ना वयाचा दाखला. मे महिन्याच्या अखेरीस आणि पावसाळा ओसरल्यावर ऑक्टोबरात, जुन्या विहिरीच्या काठावरील एकाच ठरलेल्या खुणेपासून दोरीला वजन बांधून ते पाण्यापर्यंत सोडावे, खोली मोजावी, तारखेसह वहीत लिहावी. पुढच्या वर्षी तसेच करावे. शेजारच्या चार विहिरींचीही नोंद घ्यावी. कोणताही भूवैज्ञानिक गावात आला की प्रथम अशीच नोंद मागतो, आणि बहुतेक गावांत ती कोणाकडेही नसते.